धोंडबाचा पक्का काळा

माझा भाऊ धोंडबा बारापात्रे केमिस्ट होता. औषधाच्या दुकानातला नाही, गिरणीत रंग उकळणारा. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या तांडापेठेत अर्ध्या लोकाईले अजून वाटते की तो गोळ्या विकत होता, अन् तेच तेच समजावाचा मले कंटाळा आला आहे.

आमचे बाबा सूत रंगवत. घरामागं भट्टी, भट्टीवर तांब्याचा मोठा हंडा, अन् वळणीवर सुताच्या ओल्या लडी. धोंडबा पाच वर्षांचा होता तेव्हापासून त्या हंड्यापाशी बसे अन् एकच सूर लावे. पाणी गरम काहून कराचं? मीठ काहून टाकाचं? सूत रंग पिते तं पाणी काहून नाही पीत? बाबा म्हणत, "काहून-काहून नको करू गा, लाकूड सरकव." मग तो माझ्या मागं लागे. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून तो मले बाई म्हणे. आमच्यात मोठ्या बहिणीले बाईच म्हणतात. मी चौथी शिकली, मले काय येत होतं? तरी काहीतरी ठोकून देत होती. दोन दिवसांनी तो ते तपासून येई अन् चार लोकांत सांगे, "बाई, तू खोटी बोलली." असा राग येई मले त्याचा.

माझं लग्न त्याच गल्लीत झालं, चार घरं सोडून. माझे मालक जागेश्वर. त्यांचीही भट्टी. म्हणजे माहेरचा धूर सुटला अन् सासरचा लागला. धोंडबा मात्र शिकत गेला. आमच्या गल्लीतला पहिला बी.एस्सी. गिरणीच्या रंगखात्यात लागला, पांढरा कोट घालाले लागला, पण संध्याकाळी सायकल माझ्याच दारात. बायको चारुशीला बिचारी गरीब स्वभावाची, ती म्हणे, "ताई, यांना तुमच्या घरचा धूर आवडतो." मी म्हणे, धूर कसला, माझ्या हातची पाटवडी आवडते त्याले.

आता काळ्या रंगाचं सांगते. सन त्रेसष्ट. नागपुरी लुगड्याच्या काळ्या काठाले तेव्हा चांगली मागणी होती, पण आमचा काळा कच्चा. पहिल्या धुण्यात काठ सुटे अन् अख्खं लुगडं राखेसारखं होई. एकदा इतवारी बाजारातल्या व्यापाऱ्यानं बावीस लुगडी परत पाठवली. गठ्ठा ओसरीत पडला अन् आमचे मालक त्याच्याकडं पाहत बसले. जेवले नाहीत. म्हणाले, "भट्टी विझवू, गावाबाहेर वाडीले जाऊ. गोदामात पोती उचलू." ज्या माणसाच्या आज्यानं सूत रंगवलं तो पोती उचलाची भाषा करून राहिला होता. मले रडू आलं.

धोंडबानं त्यातलं एक लुगडं उचललं, वास घेतला, काठ ओला करून अंगठ्यानं चोळला. चेहऱ्यावर दुःख वगैरे काही नाही. उलट डोळे चमकले. मले तं वाटलं, एक ठेवून द्यावी. आमच्या घरी सुतक अन् याले गंमत वाटून राहिली. पण तो तसाच होता. कोणाचं काही बिघडलं की त्याले आधी ते कसं बिघडलं हे पाहाचं राही, रडणं मागून.

दोन महिने त्यानं माझ्या स्वयंपाकघराचे हाल केले. अकरा वाट्या काळ्या केल्या. त्यातल्या दोन माझ्या रुखवताच्या होत्या. शेवटी त्याले गमक सापडलं. मीठ एकदम टाकाचं नाही, तीनदा टाकाचं, दर वेळेस जास्त. अन् लडी शेवटी मोरचुदाच्या पाण्यातून काढाच्या. त्यानं रंगवलेली लडी मी उकळली, साबणानं घासली, दगडावर आपटली. पाणी पांढरं ते पांढरंच. "जमलं का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "जमलं गा." तो नाचला होता त्या दिवशी, पांढऱ्या कोटात.

पण खोलीत जमलेलं गल्लीत जमेना. त्यानं मिठाचं वजन लिहून दिलं. कोणाचा हंडा मोठा, कोणाचा लहान, कोणाच्या विहिरीचं पाणी आधीच खारं, कोणी पाणी आटू देई, कोणी वरून घाली. एकाचा काळा पक्का, शेजारच्याचा कच्चा. मग त्यानं गिरणीतून काचेची एक नळी आणली. ती पाण्यात तरंगे अन् मीठ किती ते सांगे. एक नळी शेजारच्या वच्छलाबाईच्या हातून फुटली, दुसरी आमच्या मालकाच्या. तिसरी आणली तेव्हा तिच्यावरचे आकडे इंग्रजीत. मी म्हटलं, "भैताडा, इथं कोण वाचणार आहे ते?"

तो चुलीपाशी बसला. मी वरणात मीठ टाकून राहिली होती. तो एकदम म्हणाला, "बाई, मीठ किती टाकाचं हे तुले कसं कळते?"

"जिभेनं. आणखी कशानं?"

"रोज सारखंच होते?"

"एवढी वर्षं रांधते. चुकत असती तं तू जेवला असता का?"

झालं. त्याले उत्तर सापडलं. पहिल्या खेपेले हंडा वरणाइतका खारट, दुसऱ्या खेपेले पाटवडीच्या रश्श्याइतका, तिसऱ्या खेपेले लोणच्याच्या खाराइतका. बोट बुडवाचं, फुंकर मारून थंड कराचं, जिभेले लावाचं. गल्लीतल्या बाप्यांच्या जिभा तंबाखू-चुन्यानं मेलेल्या. त्यांले वरण अन् खार सारखंच लागे. म्हणून चाखाचं काम बायांकडं आलं. आमच्याकडं माझ्याकडं, वच्छलाबाईकडं तिच्याकडं, भागीरथाकडं तिच्याकडं. धोंडबानं एक कागद छापून आणला, मराठीत, मोठ्या अक्षरात. त्यात शेवटी लिहिलं होतं: चाखून थुंकून टाकावे. घराघरात तो कागद भिंतीले चिकटला. विज्ञान अन् बायांची जीभ एका जागी आणली म्हणून त्याले कोण आनंद. गिरणीतल्या साहेबांले सांगत सुटला.

अन् खरंच, त्या काळ्यानं आमची गल्ली तारली. व्यापारी दारात येऊन विचारत, "धोंडबाचा काळा आहे का?" सव्वीस घरं त्याच्यावर जगली. सोळा वर्षं. पोरींची लग्नं झाली, घरांवर कौलाच्या जागी स्लॅब पडले. माझी पोरगी प्रेमिला त्याच्यावरच मॅट्रिक झाली. धोंडबानं प्रताप नगरले दोन खोल्यांचं घर बांधलं, पण कोणत्याही घरी बारसं असो का तेरवी, त्याचा पाट पहिला. तोही कोणाच्या घरचा चहा नाकारत नव्हता. बायका त्याच्या बशीत साखर जास्त टाकत.

एकोणऐंशी साली, पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, शनिवारी दुपारी तो आला. सायकल भिंतीले लावली नाही, तशीच आडवी टाकली. मी तांदूळ निवडून राहिली होती. तो समोर उकिडवा बसला अन् म्हणाला, "बाई, तुले लघवीले त्रास आहे का? रक्त वगैरे?"

भावानं बहिणीले असं विचारावं? मी सूप आपटलं. "लाज नाही वाटत?" म्हटलं. पण मले राग आला तो त्याच्या प्रश्नाचा नाही, त्यानं बरोबर विचारलं म्हणून आला. चार महिन्यांपासून माझ्या लघवीतून मधूनमधून रक्त जात होतं. दुखत काही नव्हतं. मी कोणाले सांगितलं नव्हतं, मालकांलेही नाही. उतारवयात बाईचं काही ना काही चालतेच, असं मनाशी धरून बसली होती.

मग त्यानं सांगितलं. शनिवारी गिरणी लवकर सुटे, तेव्हा तो एका ग्रंथालयात जाऊन इंग्रजी मासिकं वाचे. त्यात जपानमधल्या कारागिरांवर लिहिलं होतं. ते कापडावर रंगानं चित्रं काढत अन् कुंचल्याचं टोक ओठात घेऊन सारखं करत. त्यातल्या बऱ्याच जणांले लघवीच्या पिशवीचा कॅन्सर झाला. धोंडबानं रंगाचं नाव पाहिलं, पुन्हा पाहिलं. आमच्या काळ्याच्याच जातीचा. तो रंग नुसता पाहिला तं गरीब. पण पोटात गेला की आतडी त्याले फोडतात अन् त्यातून दुसरं रसायन निघते. ते विषारी. "सोळा वर्षं मी एकच प्रश्न विचारला, बाई," तो म्हणाला, "जमलं का? आणखी काय झालं, हे विचारलंच नाही." लहानपणी दिवसाले शंभर प्रश्न विचारणारा माझा भाऊ, अन् नेमका हाच प्रश्न राहिला त्याचा.

मोठ्या दवाखान्यात दुर्बीण घालून पाहिलं. पिशवीत गाठ होती, बोराएवढी. दुर्बिणीतूनच जाळून काढली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आल्या. दर सहा महिन्यांनी येत जा. त्याच दिवशी आमच्या मालकांनी हंडा पालथा केला. कोणी सांगाची वाट पाहिली नाही. परसात काळा ओघळ गेला अन् ते त्याच्याकडं पाहत उभे राहिले. बाकीचे लगेच ऐकणारे नव्हते. "खाऊ काय?" असं तोंडावर विचारलं त्यांनी धोंडबाले, अन् त्यांचं काय चुकलं?

मी खाटेवर पडली होती अन् हा माझ्या उशाशी वही घेऊन बसला. एका रंगाले किती वेळा चाखत होतीस? तीनदा. आठवड्यातून किती रंग? दोन, सणासुदीले चार. बोट पूर्ण बुडवत होतीस का टोक? माझं टाळकं फिरलं. "बहीण मरता मरता वाचली अन् तू थेंब मोजून राहिला? चालता हो इथून." तो गेला नाही. त्याच्या डोळ्यातून पाणी चाललं होतं, पण पेन्सिल खाली ठेवली नव्हती.

"बाई, गल्लीत अजून पंचवीस घरं आहेत," तो म्हणाला. "ते दुर्बिणीचं यंत्र एकच आहे. डॉक्टर म्हणतात, आठवड्यात दोघी तपासू. ज्यांच्या पोटात रंग गेला त्या पहिल्या आणा. ज्यांनी जिभेले लावून थुंकला त्या मागून, सहा महिन्यांनी आल्या तरी चालते. म्हणून मले खरं पाहिजे." मग अगदी हळू विचारलं, "थुंकत होतीस ना तू?"

त्याचं तोंड पाहवत नव्हतं. पोरगं परीक्षेच्या निकालाले उभं राहते तसं. मी म्हटलं, "हाव. थुंकत होती." त्यानं ते लिहून घेतलं.

खोटं बोलली मी. मले वाटलं, माझं काय, माझं तं झालं, गाठ निघाली. एका शब्दानं त्याच्या जिवाचा भार हलका होत असेल तं होऊ दे. आपलेच दात, आपलेच ओठ.

पंधरा दिवसांनी मी चालाले लागली, तेव्हा तो म्हणाला, माझ्यासंगं चल. परपुरुषानं बायांले असलं विचारलं तं कोणी दार उघडणार नाही. आम्ही सकाळी निघालो. पहिली वच्छलाबाई. तिनं पाट टाकला, चहा ठेवला. धोंडबानं माझ्या दुखण्याचं सांगितलं, रंगाचं सांगितलं, काही लपवलं नाही. मग विचारलं, "मावशी, चाखून थुंकत होत्या का गिळत?" वच्छलाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. सोळा वर्षांपूर्वी तिच्या घरात दोन वेळची चूल पेटत नव्हती. ती म्हणाली, "थुंकत होतो ना भाऊ. तुमच्या कागदावर लिहिलंच होतं तसं." तिनं भिंतीकडं बोट दाखवलं. तिले अक्षर वाचता येत नाही, हे मले माहीत आहे.

दुसरं घर, तिसरं घर. सगळीकडं चहा, सगळीकडं तेच. यमुताई म्हणाली, थुंकत होतो. तिची सून म्हणाली, थुंकत होतो. एकीनं तं थुंकून दाखवलं अंगणात. अकराव्या घरी भागीरथा. चाळिशीची बाई, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. दार उघडून आत वळली तेव्हा तिचा एक हात ओटीपोटाशी होता, अन् बसताना तिनं भिंत धरली. मी ते पाहिलं. धोंडबा वहीत नाव लिहून राहिला होता, त्याले दिसलं नाही. माझ्या मनात लख्ख झालं, ही माझ्याच वाटेवर आहे. त्यानं विचारलं. भागीरथा हसली अन् म्हणाली, "थुंकत होती ना भाऊ. तुम्ही काहून जिवाले लावून घेता? चहा घ्या."

आम्ही नाईक तलावापाशी येऊन बसलो. पंचवीस घरांपैकी अकरा झाली होती. धोंडबाचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसला. वहीवर हात ठेवून तो म्हणाला, "बाई, नशीबच म्हणाचं. सगळ्याच थुंकत होत्या. पहिल्या यादीत कोणीच नाही. मग तुलेच काहून झालं असेल? एवढ्या थोड्या रंगानं होते का? हे शोधलं पाहिजे." तो पुन्हा कोड्याले लागला होता. त्याच्या डोळ्यात ती जुनी चमक होती.

मले त्याचा राग आला, माझा आला, अन् त्या अकरा घरच्या बायांचा तं फारच आला. मायेनं माणूस एवढं खोटं बोलते? याले वाईट वाटू नये म्हणून या बाया मराले तयार झाल्या होत्या. अन् त्याची सुरुवात माझ्यापासून. मी गप्प राहिली असती तं भागीरथाचा नंबर सहा महिन्यांनी लागला असता. मी पदर खोचला.

"धोंडबा, ते खोड."

"काय?"

"सगळं. अकराही. कोणी थुंकत नव्हतं."

त्याले कळेना. मी म्हटलं, "हंड्याले आपण दसऱ्याले हळद-कुंकू वाहतो का नाही? भट्टी म्हणजे लक्ष्मी. तिच्यापाशी थुंकते का कोणी? कागदावर तू काहीही लिही. घरची बाई भट्टीपाशी उभी राहून थुंकणार नाही, तिचं मनच होणार नाही. गिळत होतो आम्ही. सगळ्या. दर खेपेले."

"तू पण?"

"मी पण. दवाखान्यात खोटी बोलली."

तो तलावाकडं पाहत राहिला. कपडे धुणाऱ्या बायांचा आवाज येत होता. मग त्यानं उजवा हात उचलला अन् आपल्या गालावर ठेवला.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "सात वर्षांचा असीन. रंग कडू लागला म्हणून मी भट्टीपाशी थुंकलो होतो. बाबांनी थोबाडीत मारली होती. एकदाच मारलं त्यांनी मले, जन्मात. अन् मीच लिहिलं, थुंकून टाकावे."

मले त्याले जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही, आमच्यात भावा-बहिणीचं असं नसते. मी त्याच्या हातातून पेन्सिल घेतली अन् म्हटलं, "रडणं मागून. भागीरथाकडं चल आधी. तिचं लक्षण ठीक नाही. ह्या खेपेले मी विचारते, तू बाहेर थांब."

"नाही," तो म्हणाला, "मी तिथंच बसीन. त्याईले माझ्यासमोर सांगता आलं पाहिजे."

आम्ही परत गेलो. भागीरथा परसात भांडी घासून राहिली होती. आम्हाले पाहून राखेचे हात तसेच धरून उभी राहिली. धोंडबा ओसरीच्या खाली, मातीतच बसला. मी म्हटलं, "भागीरथा, माझ्या पोटातून गाठ निघाली. मी गिळत होती. भावाले मी खोटं सांगितलं होतं, आता खरं सांगितलं. तू सांग."

तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. राखेचे हात लुगड्याले पुसले. मग ती माझ्या अगदी जवळ आली अन् कानाशी बोलली, पण त्याले ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"गिळतच होती वं. अन् लाल जाते, मागल्या दिवाळीपासून. पण तू भाऊले सांभाळ, त्याईनं आमचं वाईट नव्हतं चितलं."